टार्गेट वाढलं, पैसा अडला: जर्मनीच्या क्लायमेट फंडाची पार्श्वभूमी

मार्च 2025 मध्ये जर्मनीने थेट राज्यघटना बदलून 500 अब्ज युरोचा खास फंड उभा केला आणि त्यातले 100 अब्ज क्लायमेटसाठी राखून ठेवले. एवढी वेळ का आली हे समजायचं तर थोडं मागे जायला लागतं.

युरोपियन युनियनची व्यवस्था साधारण अशी आहे की वीज केंद्रं आणि मोठे कारखाने यांच्यासाठी 2005 पासून युरोपभर एकच कार्बन बाजार (उत्सर्जनाच्या परवान्यांची खरेदी-विक्री) आहे, पण घरं गरम करणं, गाड्या, शेती ही ज्या त्या देशाची जबाबदारी. या क्षेत्रांतल्या हरितगृह वायूंच्या उत्सर्जनात जर्मनीला 2030 पर्यंत 2005 च्या तुलनेत 50 टक्के कपात करायची आहे. 2021 च्या युरोपियन क्लायमेट कायद्याने सगळ्या युनियनचं मिळून 55 टक्क्यांचं टार्गेट (1990 च्या तुलनेत) बंधनकारक केलं. टार्गेट ब्रसेल्समध्ये, म्हणजे युनियनच्या मुख्यालयात ठरतं, पैसा मात्र बहुतेक ज्या त्या देशाच्या बजेटमधूनच काढावा लागतो, आणि खरी अडचण इथेच आहे.

कारण जर्मनीने 2009 मध्येच घटनेत कर्जाला लगाम घातला होता. केंद्र सरकारने एरवी जीडीपीच्या 0.35 टक्क्यांपेक्षा जास्त नवं कर्ज काढायचं नाही. एकीकडे हा लगाम आणि दुसरीकडे दर काही वर्षांनी वाढणारं टार्गेट, या दोन गोष्टी एकत्र कशा चालणार याचा नीट हिशोब कुठल्याच सरकारने लोकांसमोर मांडला नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

एप्रिल 2021 मध्ये कार्ल्सरूहच्या घटना न्यायालयाने निकाल दिला की 2030 नंतरचं ओझं तरुण पिढीवर ढकलणारा क्लायमेट कायदा अपुरा आहे. मग दोनेक महिन्यांत संसदेने जर्मनीचं स्वतःचं 2030 चं टार्गेट 55 वरून 65 टक्के केलं आणि कार्बन न्यूट्रल व्हायचं (निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणायचं) वर्ष 2045 ठरवलं. टार्गेट वाढवायला वेळ लागला नाही, पैशाचं काय?

त्यावर चान्सलर (सरकारप्रमुख) शोल्झ यांच्या सरकारने शोधलेला मार्ग म्हणजे कोविडसाठी मंजूर झालेली पण न वापरलेली 60 अब्ज युरोची कर्जमर्यादा सरकारच्या आधीपासूनच्या क्लायमेट फंडाकडे वळवायची. विरोधात असलेले सीडीयू-सीएसयू हे पुराणमतवादी पक्ष कोर्टात गेले आणि 15 नोव्हेंबर 2023 ला त्याच न्यायालयाने ते रद्द केलं. डिसेंबरमध्ये इलेक्ट्रिक गाड्यांची सबसिडी एका दिवसाच्या नोटिशीवर बंद झाली, म्हणजे ज्यांनी गाडी बुक केली होती पण ताब्यात आली नव्हती ते अधांतरी लटकले. सामान्य माणसाचा विश्वास अशानेच उडतो, आणि तो परत मिळवायला सबसिडीपेक्षा जास्त खर्च येतो. बजेटच्या भांडणातच नोव्हेंबर 2024 मध्ये शोल्झ यांनी अर्थमंत्री लिंडनर यांना काढलं आणि आघाडी मोडली.

फेब्रुवारी 2025 च्या निवडणुकीनंतर तोच सीडीयू मेर्झ यांच्या नेतृत्वाखाली कर्जाच्या बाजूने उभा राहिला. नव्या संसदेत दोन तृतीयांश मतं जमवणं अवघड होतं म्हणून ती बसण्याआधी जुन्या संसदेतच मतदान घेतलं गेलं. ग्रीन पक्षाची मतं लागत होती, त्यांनी 100 अब्ज क्लायमेट फंडाकडे वळवून घेतले आणि घटनेच्या कलमात 2045 चा उल्लेख आणि गुंतवणूक 'अतिरिक्त' असली पाहिजे ही अट घालून घेतली. पैसे 12 वर्षांत वापरायचे आहेत, आणि जुना नेहमीचाच खर्च या फंडातून भागवायचा मोह प्रत्येक अर्थमंत्र्याला होणार, तेव्हा भांडण होईल ते याच अटीवरून.