‘सरंजामशाही नष्ट’ : एका वाक्यामागची पार्श्वभूमी

‘राष्ट्रीय सभा सरंजामी व्यवस्था संपूर्ण नष्ट करीत आहे,’ असं फ्रान्सच्या क्रांतिकाळातल्या सभेने काढलेल्या ११ ऑगस्ट १७८९ च्या हुकुमाच्या सुरुवातीलाच लिहिलं आहे. फ्रेंच क्रांतीने समाज बदलला की नुसते सत्ताधारी बदलले, हा इतिहासकारांचा वाद फिरून फिरून याच वाक्यापाशी येतो.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पॅरिसमध्ये मार्क्सवादी मांडणीचा दबदबा होता. नव्या बूर्झ्वा, म्हणजे शहरी मालदार, वर्गाने सरंजामशाही मोडली आणि भांडवलशाहीला वाट करून दिली, अशी ती मांडणी. १९५४ मध्ये लंडनच्या एका प्राध्यापकाने तिला सरळ मिथक म्हटलं. सभेतल्या तिसऱ्या वर्गाच्या, म्हणजे धर्मगुरू आणि उमराव सोडून बाकीच्या जनतेच्या, प्रतिनिधींत व्यापारी, कारखानदार, सावकार जेमतेम १३ टक्के. भरणा होता तो वकिलांचा आणि पैसे मोजून सरकारी पदं घेतलेल्यांचा. मग ही भांडवलदारांची क्रांती कशी? पुढे १९७८ च्या सुमारास पॅरिसमध्येच वादाचा रोख सत्तेच्या भाषेकडे, राजकीय कल्पनांकडे वळला, आणि १९८९ च्या द्विशताब्दीत हाच सूर वरचढ ठरला. या सगळ्यात शेतकरी मात्र बाजूला पडला, आणि माझ्या मते तिथेच मोठी चूक झाली.

आपल्याकडे घोटाळा शब्दापासूनच सुरू होतो. सरंजाम म्हणजे फौज बाळगण्यासाठी लावून दिलेला महसूल. मूळ कल्पनेत तो चाकरीशी बांधलेला. १७८९ च्या फ्रान्समधली जमीनदारी चाकरीपासून कधीच सुटली होती. तिची खरेदी-विक्री होई आणि पैसेवाले सामान्य लोकही ती विकत घेत. त्यामुळे ‘सरंजामशाही नष्ट’ हे शब्द वाचून आपल्या डोळ्यांपुढे गढीतला सरदार येतो, पण सभेतल्या वकिलांपुढे प्रश्न होता तो मालमत्तेचा.

म्हणूनच त्यांनी जमीनदारांच्या हक्कांचे दोन भाग पाडले. माणसाच्या गुलामीतून आलेले हक्क विनामोबदला रद्द. जमिनीवरचे हक्क मात्र करारातून आलेले मानायचे, आणि शेतकऱ्याने ते पैसे भरून सोडवायचे. मे १७९० मध्ये दर ठरला : वर्षाच्या रोख देण्याच्या २० पट, धान्याच्या देण्याच्या २५ पट. वर्षाला १० लिव्र (तेव्हाचं फ्रेंच चलन) देणाऱ्याने एकरकमी २०० लिव्र आणायचे कुठून? शिवाय जमीन विकली गेली तर जमीनदाराला मिळणारा हिस्साही त्याबरोबरच सोडवावा लागे. देणं अन्यायाचं आहे हे सिद्ध करायची जबाबदारीही शेतकऱ्याचीच. चर्चचा दशमांश, म्हणजे पिकातून चर्चला द्यावा लागणारा वाटा, तेवढा मोबदल्याशिवाय गेला, पण तो खंडात चढवायची मुभा जमीनमालकांना मिळाली.

४ ऑगस्ट १७८९ च्या एका रात्रीत सभेने सरंजामशाही संपवली असं सांगितलं जातं, ते म्हणूनच मला पटत नाही. गावोगाव लोकांनी देणी थांबवली, वाडे फोडले, दस्तऐवज जाळले. २५ ऑगस्ट १७९२ ला कायदा उलटा फिरला : आता हक्काचा मूळ कागद जमीनदाराने दाखवायचा. १७ जुलै १७९३ ला उरलेली देणीही विनामोबदला गेली आणि हक्कांचे दस्तऐवज जाळण्याचा हुकूम निघाला. १७८९ मध्ये लोकांनी आपल्या तक्रारी लिहून दिलेल्या गाऱ्हाण्यांच्या वह्या आणि उठावांच्या तारखा शेजारी ठेवून पाहणाऱ्या अलीकडच्या अभ्यासांत हा क्रम स्पष्ट दिसतो : आधी गावं पेटतात, मग सभेचा कायदा पुढे सरकतो.