सिमेंटचा घोळ व त्याचे लेपन

सिमेंट आणि पाणी यांचे, क्वचित त्यांत बारीक रेती घालून केलेले, ओतता येईल इतके पातळ पण कुंच्यावर धरेल इतके दाट मिश्रण काँक्रीट, वीटकाम किंवा गिलावा यांच्या पृष्ठभागावर पसरवून चोळण्याच्या कामास सिमेंटचा घोळ लावणे असे म्हणतात. मिस्त्री लोकांच्या बोलण्यात त्याला ‘स्लरी मारणे’ हाच शब्द आहे. काँक्रीटमध्ये गिट्टी असते आणि या मिश्रणात ती नसते, त्यामुळे ‘काँक्रीटची स्लरी’ हा रूढ प्रयोग काटेकोर अर्थाने सैलच म्हणावा लागतो. काँक्रीट कापताना किंवा मिक्सर धुताना निघणाऱ्या राखाडी गाळालाही स्लरी म्हणतात, परंतु त्याचा येथे विचार केलेला नाही.

घोळाची कामे मुख्यतः तीन आहेत. जुन्या, कडक झालेल्या काँक्रीटवर नवा थर टाकायचा असेल तेव्हा दोहोंना सांधणारा दुवा म्हणून तो वापरतात. ओल्या कोब्यावर, म्हणजे जमिनीवर टाकलेल्या काँक्रीटच्या थरावर, किंवा गिलाव्यावर तो घोटून गुळगुळीत, कमी पाणी शोषणारी कातडी तयार करतात. पाण्याचे टाके, हौद, न्हाणीघर आणि स्लॅब यांची बारीक छिद्रे बुजवण्यासाठीही तो लावतात. तिन्ही कामांत घोळाचा थर जेमतेम एक-दोन मिलिमीटरचा असतो. त्याला स्वतःचे बळ फारसे नसते. खालचा पृष्ठभाग जसा असेल तसा तो टिकतो.

विदर्भाच्या खेड्यांत हे काम ज्या हातांनी आणि ज्या सवयीने होते ती सवय सारवणाची आहे. भुई शेणाने सारवणे, भिंतींना पांढऱ्या मातीचा पोतारा देणे, सणापूर्वी ते पुन्हा करणे ही कामे घरातील बायकांनी पिढ्यानपिढ्या केली, आणि घरकुलाच्या योजनांमुळे सिमेंटची घरे वाढली तेव्हा ओटा किंवा न्हाणी घोटून घेण्याचे काम त्याच ओघात आले. दोन्ही कामांत हात सारखाच अर्धवर्तुळाकार फिरतो. पदार्थ मात्र उलट स्वभावाचे आहेत. सारवण वाळले की झाले, पातळ झाले तरी चालते, आणि उखडले तर आठवड्याने पुन्हा करता येते. सिमेंट वाळून घट्ट होत नाही. पाण्याशी होणाऱ्या रासायनिक क्रियेने ते घट्ट होते, आणि ती क्रिया पूर्ण होण्याआधी ते वाळले तर त्याची नुसती पूड उरते. गावाकडच्या कामात दिसणारे बहुतेक दोष या एका गैरसमजातून निघतात. काही अंगणांत सिमेंटच्या कोब्यावरही दर सणाला शेणाचा हलका सडा घातला जातो. त्याने कोब्याचे काही बिघडत नाही, उलट नव्या कोब्याला तेवढेच पाणी मिळते.

पोर्टलंड सिमेंटचे पेटंट जोसेफ ॲस्पडिन याने १८२४ साली इंग्लंडमध्ये घेतले. त्यापूर्वी आपल्याकडे हेच काम चुना करी. बैल जुंपून फिरवलेल्या घाण्यात मळलेला चुना आणि त्याच्या निवळीचा घोटीव हात जुन्या वाड्यांच्या भिंतींवर अजून दिसतो. आज विदर्भात सिमेंट दुरून आणावे लागत नाही. चंद्रपूर आणि यवतमाळ जिल्ह्यांतील चुनखडीमुळे गडचांदूर, आवारपूर, घुग्घूस, मुकुटबन अशा ठिकाणी सिमेंटचे कारखाने उभे राहिले आहेत. कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर आणि पारस येथील औष्णिक वीजकेंद्रांतून निघणारी राख, म्हणजे फ्लाय ॲश, सिमेंटमध्ये मिसळण्यास उपयोगी पडते. अशा पोझोलाना सिमेंटसाठी आयएस १४८९ हे भारतीय मानक असून त्यानुसार राखेचे प्रमाण १५ ते ३५ टक्के असते. तालुक्याच्या दुकानात मागितल्यावर सहसा हेच पोते मिळते. घोळासाठी ते चांगले आहे, मात्र त्याची ताकद सावकाश येते आणि त्यामुळे त्याला पाणीही अधिक दिवस मारावे लागते, ही गोष्ट पोते विकणारा सहसा सांगत नाही.

मिश्रणात पाणी किती घालावे हा या कामाचा गाभा आहे. सिमेंटच्या वजनाच्या साधारण पाव भाग पाणी रासायनिक क्रियेत बांधले जाते आणि थोडे पाणी तयार झालेल्या कणांच्या पृष्ठभागांत अडकून राहते; त्याहून जास्त घातलेले पाणी पुढे उडून जाते व आपल्या जागी सूक्ष्म छिद्रे सोडते. कुंच्याने लावायच्या घोळासाठी ५० किलोच्या पोत्याला २० ते २५ लिटर पाणी पुरते. खेड्यात हे मोजण्यासाठी तराजूची गरज पडत नाही. एका पोत्यातील सिमेंटचे आकारमान सुमारे ३५ लिटर असते, म्हणून एकाच डब्याने मोजायचे तर सिमेंटचे तीन डबे आणि पाण्याचे दोन डबे हे प्रमाण बरोबर बसते. यापेक्षा पातळ झाले की ते नुसते ‘सिमेंटचे पाणी’ होते. पृष्ठभाग राखाडी रंगतो, पण भरत नाही.

भांड्यात आधी पाणी घ्यावे आणि सिमेंट चाळून थोडे थोडे त्यात सोडावे. उलट केल्यास तळाशी कोरड्या गुठळ्या राहतात, आणि त्या कुंच्याखाली फुटून फराटे उमटतात. घोळ तयार झाल्यावरही तो सतत ढवळावा लागतो, कारण सिमेंटचे कण पाण्याहून तिपटीहून अधिक जड असल्याने दोन मिनिटांत तळाशी बसू लागतात. कुंचा बुडवणारा वरचे निवळ पाणी उचलतो आणि शेवटच्या कोपऱ्याला सगळा गाळ येतो. मानकांप्रमाणे सिमेंटचा आरंभीचा जमण्याचा काळ ३० मिनिटांपेक्षा कमी नसावा. याचा व्यवहारातला अर्थ असा की अर्ध्या तासात संपेल तेवढाच घोळ एका वेळी करावा. घमेल्यात घट्ट होऊ लागलेल्या घोळात पुन्हा पाणी टाकून तो सैल करणे हा दोष सर्रास आढळतो. असा घोळ दिसायला पूर्ववत होतो, पण त्याची पकड गेलेली असते.

पृष्ठभागाची तयारी हे या कामाचे सर्वांत कंटाळवाणे आणि म्हणूनच सर्वांत टाळले जाणारे अंग होय. जुन्या काँक्रीटवरची सैल माती, शेवाळ, तेल आणि रंग काढून टाकावेत. गुळगुळीत पृष्ठभागावर छिन्नीने टाचे मारून तो खरबरीत करावा, शिंदीच्या फड्याने झाडावा आणि पाण्याने धुवावा. त्यानंतर तो काही तास, शक्य असल्यास रात्रभर, भिजता ठेवावा आणि लेप लावण्यापूर्वी साचलेले पाणी पुसून घ्यावे. पृष्ठभाग आतून ओला आणि वरून चकाकी नसलेला असावा. कोरडे काँक्रीट किंवा तापलेली वीट घोळातील पाणी क्षणात पिऊन टाकते आणि सिमेंट उपाशी राहते. पाणी साचलेले असेल तर घोळ तेथे पातळ होतो. परीक्षा सोपी आहे. चार थेंब टाकावेत. ते लगेच जिरले तर पृष्ठभाग तहानलेला आहे, जसेच्या तसे उभे राहिले तर अजून पुसायला हवे.

सांधणीच्या लेपात घोळ कुंच्याने नुसता पसरवू नये, तर ताठ केसांच्या कुंच्याने रगडून छिद्रांत घालावा, आणि तो ओला असतानाच त्यावर नवा मसाला, म्हणजे नव्या थराचे मिश्रण, टाकावा. या नियमाला पर्याय नाही. सकाळी साऱ्या स्लॅबवर घोळ मारून दुपारी कोबा टाकायला घेतला तर मधल्या वेळेत वाळलेला घोळ दुवा न राहता दोन थरांमधला पडदा होतो, आणि वर्षभराने तो कोबा काठीने ठोकला असता पोकळ वाजतो. म्हणून एक माणूस पुढे घोळ मारीत जातो आणि त्याच्या हातभर मागे दुसरा मसाला पसरत येतो, अशी जोडी लावण्याची पद्धत योग्य आहे.

कोब्यावरील घोटाई हे खरे कसबाचे काम आहे. १:२:४ (सिमेंट, रेती, गिट्टी) प्रमाणाचा, सुमारे ४० मिलिमीटर जाडीचा कोबा टाकून पट्टीने सपाट केल्यावर काही वेळाने त्याच्या अंगचे पाणी वर येते. जाणता मिस्त्री या वेळी हात आखडून बसतो. पाण्याची चकाकी जाऊन अंगठा दाबला असता फक्त ठसा उठू लागला की लाकडी रंधा फिरवतो, मग दाट घोळ टाकून लोखंडी थापीने घोटतो, आणि थापी पहिल्यांदा सपाट व पुढच्या प्रत्येक फेरीत किंचित कलती धरतो. तिसऱ्या फेरीला थापीचा आवाज बदलतो; चिखलावरून सरकल्यासारखा मऊ असलेला आवाज कोरडा, किणकिणता होतो, आणि तेथे थांबायचे असते. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या प्रमाणानुसार या अंतिम हाताला दर चौरस मीटरला २.२ किलो सिमेंट लागते. म्हणजे १० फूट बाय १२ फुटांच्या खोलीला साधारण अर्धे पोते पुरते.

प्रत्यक्षात पाणी वर आले की थांबण्याऐवजी त्यावर मूठमूठ कोरडे सिमेंट भुरभुरून ते शोषून घेण्याची चाल पडली आहे. काम लवकर संपते आणि त्या दिवशी फरशी आरशासारखी दिसते, त्यामुळे घरधनीही खूश असतो. पण असा वरचा थर खालच्यापेक्षा फार जास्त आकसतो आणि महिन्याभरात त्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा उमटतात, किंवा झाडू मारताना रोज पांढरट धूळ निघत राहते. गोठ्यात तर मुळातच गुळगुळीत घोटाई करू नये. तेथे घोळाचा हात दिल्यावर तो ओला असतानाच त्यावर फडा ओढून किंवा दोरी दाबून रेघा पाडाव्यात, नाहीतर मुताने ओल्या झालेल्या कोब्यावर बैलाचा पाय घसरतो.

स्लॅबच्या गळतीवर केवळ घोळ मारून भागत नाही. विटांच्या तुकड्यांचा जो कोबा घालतात त्यात घोळ दोनदा येतो. प्रथम साफ केलेल्या स्लॅबवर व लगतच्या भिंतींवर ३०० मिलिमीटर उंचीपर्यंत जलरोधक द्रव्य मिसळलेला घोळ दर चौरस मीटरला २.७५ किलो सिमेंट या मानाने लावतात. त्यावर उतार देऊन विटांचे तुकडे व मसाला बसवतात, दोन दिवस पाणी मारून तेवढाच दुसरा घोळ लावतात आणि वर २० मिलिमीटर मसाला घोटून ३०० मिलिमीटरचे चौकोन आखतात. शेवटी कडेने बांध घालून किमान दोन आठवडे पाणी साचवून ठेवतात. त्याने कोबाही मुरतो आणि गळतीची परीक्षाही होते. टाक्याच्या आतील बाजूस दोन हात पुरेसे असतात. दुसरा हात पहिल्याशी काटकोनात फिरवला म्हणजे कुंच्याच्या सुटलेल्या रेघा झाकल्या जातात.

विदर्भात या कामाची खरी अडचण हंगामाची आहे. कापूस आणि तूर विकून हातात पैसा येतो, शेत रिकामे होते, मजूर मिळतात, आणि पावसाळ्यापूर्वी घर उभे करायचे असते. त्यामुळे बांधकामे मार्च ते मे या काळात, बहुधा ऐन नवतप्यापर्यंत, म्हणजे मेअखेरीच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांपर्यंत, चालतात. चंद्रपूर, अकोला, वर्धा या भागांत तेव्हा पारा ४५ अंशांच्या आसपास असतो आणि कोरडा वारा वाहतो. अशा दुपारी लावलेला लेप जमण्याआधीच सुकतो. त्याच दिवसांत विहिरी तळाला जातात आणि पाणी मारायला लागणारे पाणी प्यायलाच कमी पडते. काँक्रीटकामाच्या आयएस ४५६ या भारतीय मानकाप्रमाणे साध्या सिमेंटला किमान ७ दिवस, राखमिश्रित सिमेंटला किंवा उष्ण-कोरड्या हवेत किमान १० दिवस ओलावा राखावा लागतो. म्हणून लेप दिवस उतरल्यावर लावावा, पाणी सावलीतल्या माठा-रांजणातले घ्यावे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ओली पोती अंथरून त्यांवर प्लास्टिकचा कागद टाकावा. पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीत पोत्यांऐवजी धानाचे तणस पसरतात. त्याने ओल टिकते, पण कोब्यावर पिवळसर डाग राहतात. दिवसातून दोनदा नळी धरण्यापेक्षा झाकलेल्या ओलीला पाणी कमी लागते, आणि टंचाईच्या गावात तीच पद्धत परवडणारी आहे.

पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात, म्हणजे अमरावती, अकोला व बुलडाणा जिल्ह्यांच्या बऱ्याच गावांत, पाणी मिळाले तरी प्रश्न सुटत नाही. आयएस ४५६ नुसार लोखंड नसलेल्या काँक्रीटच्या पाण्यात क्लोराइड लिटरला २००० मिलिग्रॅमपर्यंत चालते, सळई असलेल्या काँक्रीटसाठी ही मर्यादा ५०० मिलिग्रॅम आहे. खारे पाणी घोळात गेले की पृष्ठभागावर पांढरा लोणा फुटतो आणि स्लॅबमधील सळई गंजण्यास वाट मिळते. तेथे निदान मिश्रणासाठी तरी नळयोजनेचे गोडे पाणी बाजूला काढून ठेवणे हिताचे ठरते.

काळ्या मातीच्या गावांत कोब्याला तडे गेले की त्यांत घोळ ओतण्याची प्रथा आहे. ही माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे तडा जिवंत असतो आणि पुढच्या ऋतूत घोळासकट पुन्हा उघडतो. काळी माती काढून मुरूम भरून धुम्मस केल्याशिवाय, म्हणजे तो ठोकून दाबल्याशिवाय, त्यावर उपाय नाही. आकसण्याने पडलेल्या, न हलणाऱ्या केसाएवढ्या भेगांना मात्र घोळ चोळल्याचा उपयोग होतो.

ओला घोळ तीव्र क्षारधर्मी असतो, त्याचा सामू (पीएच) १२ च्या वर जातो. लेप हाताने चोळणाऱ्या रेजांच्या, म्हणजे बांधकामावरच्या मजूर बायकांच्या, बोटांची टोके आणि नखांच्या कडा संध्याकाळी सोलवटलेल्या दिसतात; आग उशिरा होते, म्हणून काम चालू असताना ते कळत नाही. कामाआधी लावलेल्या तेलाने थोडाच आडोसा होतो. रबरी हातमोजे व बूट वापरणे, अंगावर उडालेला घोळ लगेच भरपूर पाण्याने धुणे आणि डोळ्यांत गेल्यास धुऊन तत्काळ दवाखान्यात जाणे आवश्यक असते. घमेली व थाप्या धुतलेले पाणीही तितकेच दाहक असल्याने ते विहिरीच्या काठी किंवा गुरांच्या हौदाजवळ ओतत नाहीत. खड्ड्यात साचवून निवळू देतात आणि तळाला जमलेले ढेकूळ पुढे मुरमाच्या भरावात टाकतात.