गायींमधील उष्णतेचा ताण व जनुकीय प्रतिसाद

शरीरात तयार होणारी आणि बाहेरून मिळणारी उष्णता गायीला वेळेत बाहेर टाकता आली नाही, की तिच्यावर उष्णतेचा ताण येतो. गायीचे नेहमीचे तापमान सुमारे ३८.५ अंश सेल्सिअस असते. नुसता पारा पाहून ताण कळत नाही. दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून तापमान व आर्द्रता एकत्र धरणारा निर्देशांक वापरतात. दुभत्या गायींसाठी त्याची ७२ ही मर्यादा बरीच वर्षे रूढ होती. भरपूर दूध देणाऱ्या गायींना ६८ पासूनच त्रास होतो, असे पुढे दिसले. गाय धापते, लाळ गाळते, वैरण कमी खाते, दूध आटते, माज मुका राहतो, म्हणजे बाहेरून दिसत नाही.

पेशीत उष्णतेने प्रथिनांच्या घड्या उलगडतात. एचएसएफ-१ हे जनुके चालू करणारे नियंत्रक प्रथिन; हा नियंत्रक एरवी एचएसपी-९० सारख्या रक्षक प्रथिनांना बांधलेला असतो. बिघडलेल्या प्रथिनांकडे हे रक्षक धावले की तो मोकळा होतो, त्याचे तीन रेणू जुळतात आणि केंद्रकात जाऊन एचएसपी-७० व इतर रक्षक प्रथिनांची जनुके चालू करतात. त्याच वेळी इतर बहुतेक जनुकांचे काम मंदावते. ताण फारच वाढला तर पेशी स्वतःला संपवते. या प्रतिसादाची पहिली खूण गायीत नव्हे, फळमाशीत सापडली: फेरुचो रितोसा यांनी १९६२ मध्ये उष्णतेने तिच्या गुणसूत्रांवर आलेले फुगवटे नोंदवले.

एचएसपी-७० जास्त म्हणजे गाय काटक, असे सरसकट म्हणणे चुकीचे आहे. वाढलेली पातळी पेशीची तयारी दाखवते, तशीच तिला बसलेली झळही. ज्या गायीचे शरीर मुळात कमी तापते, तिला हे जनुक तितके चालवावे लागत नाही. खिल्लार, देवणी, लाल कंधारी यांसारख्या देशी जातींचा आखूड चकचकीत केस, सैल कातडी आणि कमी चयापचयी उष्णता हा बचाव पेशीपर्यंत पोहोचण्याआधीच काम करतो. दूध वाढले की आतली उष्णताही वाढते. होल्स्टिन या जास्त दुधाच्या परदेशी जातीच्या संकरित गायींचे उन्हाळ्यातले दुखणे मुख्यतः इथे आहे. तरीही फरक केवळ कातडीचा नाही. प्रयोगशाळेत ४१ अंशांना ठेवलेले ‘ब्राह्मन’ या वशिंडाच्या गुरांच्या जातीचे भ्रूण होल्स्टिन भ्रूणांपेक्षा चांगले तगतात, आणि तिथे ना केस असतात ना घाम.

एका जनुकाने मोठा फरक पडल्याचे ठळक उदाहरण कॅरिबियन बेटांवरच्या सेनेपोल जातीत मिळते. तिच्यात प्रोलॅक्टिन-ग्राही (प्रोलॅक्टिन या संप्रेरकाचा संदेश घेणारे प्रथिन) बनवणाऱ्या जनुकातील डीएनएचे एक अक्षर गळाल्याने प्रथिन आखूड होते आणि अंगावर अगदी तोकडे केस येतात. हा बदल प्रभावी असल्याने एकाच पालकाकडून मिळाला तरी पुरतो. २०१४ मध्ये तो ओळखला गेला. संकरातून तो होल्स्टिनमध्ये आणलेल्या गायी उन्हात कमी तापतात. जनुक-संपादनाने असाच बदल केलेल्या मांसाच्या गुरांना अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मार्च २०२२ मध्ये कमी जोखमीचे ठरवले.

ताणाचा परिणाम पुढच्या पिढीतही जातो. गाभण गाय आटवलेल्या काळात, म्हणजे विण्याआधी दूध काढणे थांबवल्यावर, तापली, तर पोटातले वासरू कमी वजनाचे जन्मते आणि ती कालवड पुढे दूधही कमी देते. फ्लोरिडातील अभ्यासांत अशा वासरांच्या डीएनएवरील मिथिल-खुणा (जनुकांचे काम कमी-जास्त करणाऱ्या रासायनिक खुणा) वेगळ्या आढळल्या. गोठ्यात पंखे आणि फवारे मात्र सहसा दुभत्या गायींच्याच वाट्याला येतात.