नव्या संचात ‘नेपाम डेथ’

नाटकाच्या जाहिरातीत ‘नव्या संचात’ असं छापून आलं की मूळ संच कोणता, हे निदान जुन्या प्रेक्षकांना ठाऊक असतं. बर्मिंगहॅमच्या नेपाम डेथ या बँडबद्दल तेवढंही छातीठोकपणे सांगता येत नाही. ग्राइंडकोर या, पंक आणि मेटलच्या अतिवेगवान मिश्रणाचा पाया ज्या रेकॉर्डनं घातला, त्या ‘स्कम’च्या (१९८७) एका बाजूवर एक बँड वाजतो आणि दुसऱ्या बाजूवर जवळपास दुसराच. दोन्हीकडे सापडणारा माणूस एकच, ड्रमर मिक हॅरिस. आणि तोही संस्थापक नव्हे.

बँड सुरू केला निक बुलन आणि माइल्स रॅटलेज या दोन शाळकरी पोरांनी, १९८१ मध्ये, बर्मिंगहॅमजवळच्या मेरिडन गावात. थॅचरबाईंची राजवट, डोक्यावर अणुयुद्धाची टांगती तलवार आणि कानात क्रास या बँडचं अराजकवादी पंक. पहिल्या चारेक वर्षांत इतके जण आले-गेले की त्यांची जंत्री द्यायची सोय नाही. खरी कलाटणी १९८५ च्या सुमारास मिळाली. गिटारवर जस्टिन ब्रॉडरिक आला आणि रॅटलेजच्या जागी हॅरिस बसला.

हॅरिस काय करायचा? पायानं वाजणारा बेस ड्रम आणि काठीनं वाजणारा स्नेअर आलटून पालटून, पण इतक्या झपाट्यानं की ठोके मोजता येत नाहीत, नुसती घरघर ऐकू येते. याला ब्लास्ट बीट म्हणतात, आणि हे नाव रूढ करण्याचं श्रेय बहुतेक जण त्यालाच देतात. वेग मात्र त्याचा शोध नव्हे. अमेरिकेत सीज आणि रिपल्शन हे बँड आधीच तसे सुसाट सुटले होते. बर्मिंगहॅमच्या स्पार्कहिल भागातल्या ‘मरमेड’ पबमध्ये मात्र हा वेग हॅरिसच्या हातून ऐकायला मिळायचा.

ऑगस्ट १९८६ मध्ये ‘रिच बिच’ स्टुडिओत बुलन, ब्रॉडरिक आणि हॅरिस यांनी १२ गाणी रेकॉर्ड केली, तीच ‘स्कम’ची पहिली बाजू. खर्च ५० पौंडांच्या आसपास. ब्रॉडरिक तेव्हा जेमतेम सोळा-सतरा वर्षांचा होता. याच बाजूच्या शेवटी ‘यू सफर’ आहे, १.३१६ सेकंदांचं, सर्वांत छोटं गाणं म्हणून गिनेस बुकात गेलेलं. त्यानंतर काही महिन्यांतच ब्रॉडरिक हेड ऑफ डेव्हिड या बँडमध्ये, तोही गिटार सोडून ड्रम्स वाजवायला, निघून गेला. बुलननंही रामराम ठोकला. नाव राहिलं, ते सुरू करणारे दोघेही राहिले नाहीत.

मे १९८७ मध्ये हॅरिस त्याच स्टुडिओत परतला तो नवी माणसं घेऊन. कव्हेंट्रीत पंकचे कार्यक्रम भरवणारा ली डोरियन गायला, गिटारवर बिल स्टीअर, बेसवर जिम व्हाइटली. रेकॉर्ड उलटली की फरक लगेच कळतो. बुलनच्या भुंकण्यात पंकची चीड होती. डोरियन घशाच्या तळातून गुरगुरतो आणि मध्येच किंचाळतो. गिटारही जाड, चिखलासारखी झाली आहे. नॉटिंगहॅमच्या इअरेक कंपनीनं दोन्ही बाजू जोडून रेकॉर्ड काढली आणि बीबीसीचा निवेदक जॉन पील यानं ती रेडिओवर वाजवली. माझ्या मते ‘स्कम’ची गंमत या सांध्यातच आहे. एकाच संचानं केली असती तर ती इतकी बोलकी झाली नसती.

त्यानंतर शेन एम्बरी बेसवर आला. मुळात हा बँडचा चाहता, दुसरीकडे ड्रम्स वाजवणारा. आजतागायत तो हललेला नाही, त्यामुळे या घरातला सर्वांत जुना भाडेकरू तोच.

१९८९ मध्ये जपानच्या दौऱ्यानंतर डोरियन आणि स्टीअर दोघेही गेले. डोरियननं कथीड्रल हा बँड काढून वेगाकडे पाठच फिरवली, इतकं संथ संगीत केलं. स्टीअर कार्कस या बँडमध्ये रमला, जिथला जेफ वॉकर ‘स्कम’चं मुखपृष्ठ काढून आधीच या गोतावळ्यात होता. ब्रॉडरिकनं तोवर गॉडफ्लेश हा बँड उभा केला होता. एका बँडमधून बाहेर पडलेल्यांनी तीन वेगळ्या वाटा पाडल्या, हे फार कमी ठिकाणी घडतं.

नवी भरती दूरदूरहून झाली. बेनेडिक्शन या बँडमधून गायक बार्नी ग्रीनवे, लॉस एंजेलिसच्या टेररायझर या बँडमधून गिटारवादक जेसी पिंटाडो, लास वेगासहून दुसरा गिटारवादक मिच हॅरिस (मिकशी नातं नाही, फक्त आडनाव एक). १९९० चा ‘हार्मनी करप्शन’ त्यांनी फ्लोरिडात टँपाच्या मॉरिसाउंड स्टुडिओत केला आणि आवाज सरळ डेथ मेटलकडे, म्हणजे मेटलच्या जड, गुरगुरत्या प्रकाराकडे झुकला. पुढच्याच वर्षी मिक हॅरिस बाहेर पडला. त्यानं स्कॉर्न हा बँड काढला, तोही चक्क बुलनला सोबत घेऊन. ड्रम्सवर डॅनी हरेरा आला.

१९९६ मध्ये तर अदलाबदल झाली. ग्रीनवेला काढून एक्स्ट्रीम नॉइज टेरर या बँडचा गायक फिल व्हेन आणला, ग्रीनवे तिकडे जाऊन एक अल्बम गाऊन आला, आणि व्हेनचं काही जमेना म्हणून थोड्याच काळात परत घरी. पिंटाडो २००४ मध्ये वेगळा झाला, दोन वर्षांनी वारला. त्याची जागा भरलीच नाही. मिच २०१४ पासून दौऱ्यांवर जात नाही, स्टुडिओत मात्र असतो. मंचावर त्याच्या जागी जॉन कुक उभा राहतो.

‘यू सफर’ अजूनही कार्यक्रमात वाजतं. ते रेकॉर्ड करणाऱ्या तिघांपैकी मंचावर कोणीच नसतं, आणि गाण्याचं नाव सांगायलाच गाण्याहून जास्त वेळ लागतो.