अजल आणि अझल: एका अक्षराचा घोटाळा

ग्वाल्हेरला दर डिसेंबरात हजिरा भागातल्या तानसेनच्या समाधीपाशी संगीत समारोहाची सुरुवात होते तेव्हा पहिल्या दिवशी सकाळी सनई वाजते, ढोलीबुवा परंपरेतली हरिकथा होते आणि मग मिलाद, म्हणजे पैगंबरांच्या स्तुतीचे पठण. शहराच्या लष्कर भागातून सकाळीच निघून तिथे जाऊन बसणाऱ्या आम्हा मराठी मंडळींना हरिकथेतले प्रारब्ध, संचित, क्रियमाण हे शब्द घरचे वाटतात. मिलादमधले तकदीर आणि किस्मत हे शब्दही मराठीत इतके रुळले आहेत की ते परके म्हणून जाणवत नाहीत. अडखळायला होते ते एका शब्दापाशी, आणि तो शब्द म्हणजे अजल. एका वर्षी मी ऐकता ऐकता वहीत टिपणे काढली आणि घरी येऊन पाहिले, तर 'अजलपासून लिहिलेले' आणि 'अजल आली की टळत नाही' अशी दोन वाक्ये लागोपाठ आली होती. पहिल्या वाक्यातली अजल सगळ्याच्या आधीची होती आणि दुसऱ्यातली सगळ्याच्या शेवटची.

शेजारी राहणाऱ्या, उर्दू शिकवून निवृत्त झालेल्या मास्टरसाहेबांकडे वही नेली. त्यांनी वीजबिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने दोन शब्द उजवीकडून डावीकडे लिहिले आणि दोन्हींच्या मधल्या अक्षरावर बोट ठेवले. एकात पोटात नुक्ता, म्हणजे टिंब, असलेला जीम होता, दुसऱ्यात डोक्यावर नुक्ता असलेला झे. "भाऊसाहेब, आपने दो लफ्जों को एक कर दिया," एवढेच ते म्हणाले, आणि चहा आला.

खरे तर हा घोटाळा मराठी माणसाला समजायला सोपा जावा. आपल्याही लिपीत एकच ज दोन उच्चारांचा भार वाहतो. म्हातारपण या अर्थाची 'जरा' आणि थोडे या अर्थाचे 'जरा' कागदावर सारखेच दिसतात, बोलताना मात्र कोणी त्यांची गल्लत करत नाही. गझलेला आपण आग्रहाने झ दिला, या शब्दाला मात्र तो द्यायचा राहिला. म्हणून इथून पुढे जीमवाल्या शब्दाला मी अजल म्हणेन आणि झेवाल्याला अझल.

अजल या अरबी शब्दाचा मूळ अर्थ मृत्यू नाही. तो मुदत असा आहे. कुरआनात हा शब्द अगदी रोकड्या व्यवहारात येतो. अल्-बकरा या सूरहची (अध्यायाची) 282वी आयत (वचन) कुरआनातली सर्वांत लांब आयत मानली जाते आणि तिचा विषय उधारीचा आहे: ठरावीक मुदतीसाठी देणेघेणे केले तर ते लिहून ठेवा, लेखकाने न्यायाने लिहावे, साक्षीदार घ्यावेत. तिथे मुदतीसाठी आलेला शब्द अजलच आहे. त्याच सूरहमध्ये विधवेच्या चार महिने दहा दिवसांच्या इद्दतीची (पुनर्विवाहाआधी थांबण्याच्या काळाची) पूर्तता सांगतानाही अजलच म्हटले आहे. मूसा (बायबलमधला मोझेस) सासऱ्याकडे आठ किंवा दहा वर्षे चाकरी करण्याचा करार करतो, तेव्हा 'या दोनांपैकी कोणतीही मुदत मी पुरी केली तरी' असे म्हणताना तो या शब्दाचे द्विवचन वापरतो. मृत्यूची अजल ही या सगळ्या मुदतींच्या रांगेतली एक मुदत आहे, आणि ज्या वाचकाने आधी ही कर्जाची आयत वाचली असेल त्याला पुढची आयत वेगळीच ऐकू येईल: प्रत्येक समुदायाची एक अजल आहे, ती आली की ते घटकाभर मागेही राहू शकत नाहीत आणि पुढेही जाऊ शकत नाहीत (सूरह 7, आयत 34). कर्जाची मुदत सावकाराच्या मेहेरबानीने वाढते; ही तशी वाढत नाही, असे 63व्या सूरहची अखेरची आयत सांगते.

आपल्याकडे कोणी अपघातातून वाचले की 'काळ आला होता, पण वेळ आली नव्हती' असे म्हणतात. अजलला मराठीत जवळचा शब्द शोधायचा तर तो या म्हणीतला काळ नव्हे, वेळ होय. काळ दारापर्यंत येऊन परत जाऊ शकतो, वेळ मात्र एकदाच येते.

सहाव्या सूरहच्या दुसऱ्या आयतीत तर एकाच वाक्यात दोन अजल आहेत: त्याने तुम्हांला मातीपासून घडवले, मग एक मुदत ठरवली, आणि आणखी एक नेमलेली मुदत त्याच्याजवळ आहे. बऱ्याच भाष्यकारांच्या मते पहिली मुदत माणसाच्या मृत्यूची आणि दुसरी पुनरुत्थानाच्या दिवसाची. शिया परंपरेत याच आयतीच्या आधाराने अटळ अजल आणि अटींवर अवलंबून असलेली अजल असा भेद केला जातो.

आता अझल. हा शब्द कुरआनात नाही. तो ईश्वरशास्त्राच्या, म्हणजे कलामच्या पंडितांचा पारिभाषिक शब्द आहे. ज्याला मागच्या बाजूने सुरुवात नाही ते अझल, आणि ज्याला पुढच्या बाजूने शेवट नाही ते अबद. आपल्या अनादी आणि अनंत या जोडीसारखीच ही जोडी आहे. अल्लाहचे ज्ञान आणि त्याची इच्छा अझली आहेत, म्हणजे 'कधीपासून' हा प्रश्नच तिथे लागू होत नाही. उर्दू शायरीत अझलचा दिवस अशा अर्थाचा 'रोज-ए-अझल' सर्रास येतो आणि तो बहुधा त्या करारप्रसंगाशी जोडला जातो ज्यात अल्लाहने आदमच्या संततीला 'मी तुमचा पालनकर्ता नाही काय?' असे विचारले (7:172). ती कवींची मुभा झाली. काटेकोरपणे पाहिले तर अझलला दिवस असू शकत नाही.

इथेच अनेक वाचकांची दुसरी गल्लत होते, कारण नशीब लिहिण्याच्या हदीसकथांमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या परंपरेत, आकडे आहेत. मुस्लिम नावाच्या हदीससंग्राहकाच्या संग्रहातल्या हदीसप्रमाणे आकाश आणि पृथ्वी निर्माण करण्याच्या 50,000 वर्षे आधी अल्लाहने सृष्टीचे माप लिहून ठेवले. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्राहकांच्या संग्रहांत असलेल्या दुसऱ्या हदीसप्रमाणे गर्भ चाळीस, पुन्हा चाळीस आणि आणखी चाळीस दिवसांच्या अवस्थांतून गेल्यावर देवदूत येतो आणि चार गोष्टी लिहितो: अन्नाचा वाटा, अजल, कर्म, आणि तो माणूस भाग्यवान की अभागी. सहाव्या दिवशी कपाळावर लिहून जाणारी सटवाई मराठी वाचकाला इथे आठवणारच. पण हे दोन्ही लेख, वर्षांच्या मोजणीतले असोत की दिवसांच्या, अझल नव्हेत. ज्याला आधी किंवा नंतर म्हणता येते ते अझलच्या अलीकडचे असते. लेख ही नोंद झाली, अझली ज्ञान त्या नोंदीच्याही मागचे.

हरिकथेतून उठून थेट मिलादमध्ये बसणाऱ्याने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. प्रारब्ध म्हणजे आपल्याच मागच्या कर्मांचे फळ. त्याच्या मुळाशी कर्ता आपणच असतो. अझली निर्णयाच्या मागे माणसाचे कोणतेही पूर्वकर्म उभे नाही. तकदीर या शब्दाचे मूळ मोजमाप या अर्थाच्या धातूत आहे, ती कमाई नाही.

अजल आणि अझल एक समजले की जो निष्कर्ष निघतो तो सगळ्यांना माहीत आहे: सगळे अनादी काळापासून ठरलेलेच आहे, मग औषध कशाला घ्या? हा प्रश्न इस्लामच्या पहिल्याच पिढीत, अगदी खलिफाच्या तोंडावर विचारला गेला आहे. हिजरी 18, म्हणजे इसवी सन 639 च्या सुमारास खलिफा उमर शामच्या (आजच्या सीरिया आणि त्याच्या आसपासच्या प्रदेशाच्या) बाजूला निघाले असता सर्घ या ठिकाणी त्यांना पुढे साथ पसरल्याची बातमी मिळाली. त्यांनी आधी मुहाजिरांना (मक्केहून मदीनेला आलेल्यांना) विचारले, मग अन्सारांना (मदीनेच्या मदतनीसांना); दोन्हीकडे मतभेद पडले. मक्केच्या कुरैश टोळीच्या वडीलधाऱ्यांनी मात्र एकमुखाने परतायला सांगितले, आणि उमरांनी सकाळी माघारीची घोषणा केली. सेनापती अबू उबैदा म्हणाले, "अल्लाहच्या तकदीरपासून पळता?" उमरांना हे अबू उबैदांसारख्या माणसाकडून अपेक्षित नव्हते. ते म्हणाले, "होय, अल्लाहच्या तकदीरपासून अल्लाहच्या तकदीरकडे." मग त्यांनी उंटांचा दाखला दिला: दरीच्या एका उतारावर हिरवा चारा आहे आणि दुसरा उतार उजाड आहे, तू हिरव्या बाजूला चारलेस तरी तकदीरनेच चारशील आणि उजाड बाजूला चारलेस तरी तकदीरनेच. थोड्या वेळाने पैगंबरांचे सहकारी अब्दुर्रहमान बिन औफ आले आणि त्यांनी पैगंबरांचे वचन सांगितले की साथ असलेल्या भागात जाऊ नका, आणि तुम्ही असलेल्या भागात साथ आली तर तिथून पळून बाहेर पडू नका. अबू उबैदा शाममध्येच राहिले आणि अम्वासची साथ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्याच साथीत वारले.

मला या प्रसंगात उंटांचे उदाहरण सर्वांत मोलाचे वाटते. उमर अझल नाकारत नाहीत, ते फक्त अझलचा पुरावा म्हणून वापर होऊ देत नाहीत. मुदत ठरलेली आहे, पण तिची तारीख माणसाला दाखवलेली नाही. जे दाखवलेले आहे ते दोन उतार, आणि हुकूम त्या उतारांबद्दलच आहे.

याहून अवघड प्रश्न खुनाचा. कोणी कोणाला मारले, तर मेलेल्याची अजल आली होती की मारणाऱ्याने ती तोडली? मुअतझिला, म्हणजे तर्कवादी ईश्वरशास्त्राच्या पंथाच्या, पंडितांमध्ये यावर एकमत नव्हते: काहींच्या मते मारेकऱ्याने मुदत मध्येच कापली, अबुल हुझैल यांच्या मते तो माणूस तसाही त्याच क्षणी मेला असता. सुन्नी बाजूचा निकाल हनफी-मातुरीदी परंपरेच्या उमर नसफी (मृत्यू 1142) यांच्या छोट्याशा अकीद्यात (श्रद्धातत्त्वांच्या ग्रंथात) अगदी थोड्या शब्दांत आहे: मारला गेलेला आपल्या अजलनेच मरतो, आणि अजल एकच असते. हा अकीदा तफ्ताझानींच्या टीकेसह आपल्याकडच्या मदरशांत पिढ्यान्‌पिढ्या शिकवला गेला आहे. मग मारेकऱ्याला शिक्षा का? कारण त्याने मनाई मोडून ते कृत्य स्वतः ओढवून घेतले. तो मुदतीचा मालक नव्हता, पण हाताचा मालक होता. कोर्टात अझलचा दाखला चालत नाही.

उलट दिशेने आयुष्य वाढवणारी हदीसही आहे: ज्याला रोजी वाढावी आणि आयुष्य लांबावे असे वाटते त्याने नातेवाइकांशी संबंध जोडून ठेवावेत. यावर काही भाष्यकार म्हणाले की वाढते ती बरकत, वर्षे नव्हेत. इतर म्हणाले की देवदूताच्या नोंदीत 'नाती जपली तर इतकी, नाही तर इतकी' असे लिहिलेले असते. तो नाती जपणार की नाही हे अझली ज्ञानात आधीच आहे. दुसरे उत्तर मला अधिक पटते, कारण त्यात नोंद आणि ज्ञान आपापल्या जागी राहतात आणि तेराव्या सूरहमधले 'अल्लाह हवे ते पुसतो आणि हवे ते कायम ठेवतो, आणि मूळ ग्रंथ त्याच्याजवळ आहे' हे वचनही नीट बसते.

नुक्त्याविना छापलेल्या देवनागरी मजकुरात कोणता शब्द आहे हे ओळखायला मास्टरसाहेबांनी एक सोपी खूण सांगितली. शब्दापुढे 'आई' किंवा 'आ गई' असेल, किंवा मागे 'पैगाम-ए' असेल, तर तो जीम. पुढे 'से' असेल, मागे 'रोज-ए' असेल किंवा जवळपास अबद असेल, तर तो झे. मी वहीतल्या पहिल्या वाक्यातल्या ज वर काट मारून झ केला, आणि दुसरा तसाच ठेवला.