उबू राजाच्या पंगतीचं संगीत

पॅरिस, १० डिसेंबर १८९६. ‘उबू रुआ’ म्हणजे ‘उबू राजा’ या नाटकाचा प्रयोग. उबूच्या भूमिकेतले नट फिरमँ जेमिए यांनी पहिलाच शब्द उच्चारला, ‘मेर्द्र’, आणि थिएटरात गदारोळ उडाला. विष्ठेसाठीच्या फ्रेंच शब्दात नाटककार आल्फ्रेद जारी यांनी एक जादा ‘र’ घुसडला होता. या नाटकाचं मूळ फ्रान्समधल्या रेन शहरातल्या शाळेत आहे. भौतिकशास्त्राच्या मास्तरांची टिंगल करायला पोरांनी रचलेली ती सोंगं. जारींनी त्यांतून लोभी, भित्रा, खादाड राजा घडवला. हा राजा मेजवानीच्या ताटांवर संडासाचा खराटा फेकतो. पाहुणे ते चाखतात आणि विषबाधेनं कोसळतात.

हे जेवण ७० वर्षांनी जर्मन संगीतकार बेर्न्ड आलोइस त्सिमरमान यांनी वाद्यवृंदासाठी पुन्हा मांडलं. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या जेवणावेळी दरबारी संगीतकार दलालांद यांचं संगीत वाजे, शीर्षक त्याच धर्तीवर: ‘उबू राजाच्या जेवणांसाठी संगीत’. जोडीला उपशीर्षक, ‘काळा बॅले’.

यातला जवळपास प्रत्येक सूर उसना आहे. जुनी दरबारी नृत्यं, बाख, बीथोव्हेन, जॅझ, सगळं एकावर एक चढवलेलं. युद्धानंतर कोलोनच्या रेडिओसाठी दुसऱ्यांच्या चाली वाद्यवृंदाला बसवून देण्यात त्सिमरमान यांची उमेदीची वर्षं गेली. ही कारागिरी त्यांच्या बोटांत होती. १९६५ मध्ये पश्चिम बर्लिनच्या कला अकादमीनं त्यांना सदस्य करून घेतलं. बॅलेच्या सुरुवातीला तिचीच मिरवणूक येते, सदस्य संगीतकारांच्या रचनांचे तुकडे घेऊन. मानाच्या पंगतीत बसवणाऱ्यांनाही त्यांनी उबूच्या ताटाशी नेलं, याला मोठं धाडस लागतं.

हे ऐकून हसू येतं, पण ‘मेंदू काढण्याचा मार्च’ (कूच करतानाच्या चालीचं संगीत) या शेवटच्या भागापर्यंतच. तिथे बर्लिओझचा वधस्तंभाकडचा मार्च आणि वाग्नरच्या ऑपेरातली वाल्किरींची, म्हणजे पुराणातल्या योद्धा-कन्यांची, दौड एकत्र धावतात. नाझी वृत्तपटात विमानहल्ल्याच्या दृश्यांवर हीच दौड वाजवली गेली होती, आणि त्सिमरमान त्याच राजवटीच्या सैन्यात भरती केले गेलेले तरुण होते. मला तरी इथे थट्टा ऐकू येत नाही. या दोन्हींवर जर्मन संगीतकार श्टॉकहाउझेन यांच्या नवव्या पियानो तुकड्यातला एकच स्वरसमूह आदळत राहतो. मूळ रचनेत तो हळूहळू विरत जातो. इथे अख्खा वाद्यवृंद तो हातोड्यासारखा घालतो, पुन्हा, पुन्हा, पुन्हा.