डिझेलचे रॉड वाकतात का, तुटतात का: पावडर मेटलच्या वादाची पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या पिकअप ट्रकच्या डिझेल इंजिनांबद्दल बोलताना कनेक्टिंग रॉडचा, म्हणजे पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणाऱ्या दांड्याचा, विषय निघाला की चर्चेची गाडी १९९० च्या दशकाच्या मागे फारशी जात नाही. जायचं कारणही नाही. त्याआधीचा रॉड म्हणजे घडीव पोलादाचा जाडजूड, इंग्रजी I सारख्या छेदाचा दांडा, आणि कॅप, म्हणजे क्रँकशाफ्टला खालून धरणारा अर्धा तुकडा, वेगळी कापून मशिनिंग केलेली. जड होता, पण पुरत होता.

फोर्डच्या ट्रकमधलं ७.३ लिटरचं पॉवर स्ट्रोक डिझेल १९९४ मध्ये आलं तेव्हा २१० अश्वशक्तीचं होतं, उत्पादन थांबता थांबता ते २७५ पर्यंत गेलं. इंजेक्शन इलेक्ट्रॉनिक असल्याने ताकद वाढवणारी चिप बसवून लोक त्याच्याही वर जाऊ लागले. नेमक्या याच काळात, २००० च्या सुमारास, कंपनीने घडीव रॉड सोडून पावडर मेटलचे रॉड घातले. जुना ट्रक घेणारा आजही आधी विचारतो, ‘रॉड कुठले?’ कारण पावडरचे रॉड कमजोर, अशी तक्रार आहे.

पावडर म्हटल्यावर काहीतरी भुसभुशीत डोळ्यांसमोर येतं, आणि बदनामी निम्मी तिथेच होते. लोखंडाची भुकटी साच्यात दाबतात, भट्टीत भाजतात आणि गरम असतानाच ठोकून जवळजवळ भरीव पोलादाइतकी घट्ट करतात. १९७० च्या दशकातच एका जर्मन स्पोर्ट्स कारमध्ये असे रॉड होते. वजनं एकसारखी येतात, मशिनिंग वाचतं. कॅप कापत नाहीत. खाच पाडून झटक्यात तोडतात. तुटलेले दोन खडबडीत पृष्ठभाग एकमेकांतच बसतात, त्यामुळे कॅप सरकत नाही. कारखान्याने दिलेल्या ताकदीला हा रॉड पुरेसा होता. चिपवाल्यांचा हिशेब कंपनीने का करावा? तक्रारीत तथ्य आहे ते एवढंच, की मर्यादा ओलांडल्यावर घडीव रॉड बहुधा आधी वाकतो, आणि पावडरचा सरळ तुटून ब्लॉक फोडतो.

ताण येतो कुठून, हेही पाहायला हवं. आरपीएम जास्त असताना वर येणाऱ्या पिस्टनची जडता ज्वलनाच्या दाबातला काही भाग खाऊन टाकते. १८०० आरपीएमला ही मदत नगण्य. तिथे भरपूर बूस्ट (टर्बोने दाबलेली हवा) आणि आगाऊ टायमिंग (डिझेल लवकर फवारणं) दिलं की सगळा दाब रॉडच्या दांड्यावर. म्हणून जाणते ट्यूनर खालच्या आरपीएमला डिझेल आवरतात.

जनरल मोटर्सच्या २००१ च्या ड्युरामॅक्स एलबी७ या डिझेल इंजिनामध्ये पावडरचा प्रश्न नव्हता, रॉड घडीव होते. तरी ट्यूनिंगवाल्यांनी तेही वाकवले. त्याच ड्युरामॅक्सच्या २००६ च्या एलबीझेड आवृत्तीमध्ये रॉड जाड झाले. त्यानंतर ताकद वाढवणाऱ्यांच्या हाती वाकलेल्या रॉडऐवजी रॉडला जोडणाऱ्या पिनच्या रेषेत तडकलेले पिस्टन येऊ लागले.